चंडोलचं मागचं दार

रविवार, १८ मार्च

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नका. रागावलात तरी चालेल, पण पत्र शेवटपर्यंत वाचा. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करता, की मी विचारलं की नुसतं हो म्हणता? माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता इतकं लख्ख दिसतं की स्वतःच्या स्वयंपाकघरातली जळमटं बघून मलाच लाज वाटली.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मला मधेच तोडता आणि मग मी हो म्हणून मोकळी होते. म्हणून लिहितेय.

माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीत, खिडकीला जाळी बसवलीत, पलंगाशेजारी दिवाही लावून घेतलात. वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू. लोक नणंद-भावजयीच्या भांडणांच्या गोष्टी सांगतात, आणि इथे माझी नणंद मला कोणता रंग आवडतो ते लक्षात ठेवून भिंत रंगवते. तुमचे हे उपकार मी विसरणार नाही. खोलीबद्दल पुढे लिहितेच. आधी बातमी ऐका.

चंडोल परत आली.

तीच, तुमच्या दादांची चंडोल. कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली, आता एका नव्या कंपनीने नाव विकत घेतलं आणि त्या नावाची बॅटरीवरची बस काढली. बातमी आली तेव्हा ह्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी पेपर खाली ठेवला आणि ह्यांच्या फोटोकडे बघून म्हटलं, जन्मभर स्टॉपवर उभे राहिलात आणि गाडी यायच्या वेळेला घरी निघून गेलात. असला वेंधळेपणा तुम्हीच करू जाणे.

मग सुरू झाला आमच्या चंडोलवाल्यांचा गोंधळ. दर शनिवारी सकाळी आपल्या अंगणात जमणारी ही मंडळी तुम्ही पाहिलेली आहेत. डेपोतून निवृत्त झालेले मास्तर, ते जुनी तिकिटं जमवणारे दातांचे डॉक्टर, आणि ज्याला सगळे हॉर्न म्हणतात तो, जो तोंडाने चंडोलचा हॉर्न इतका हुबेहूब वाजवतो की रस्त्यावरचं कुत्रं बाजूला होतं. ह्यांना गुडघाभर गवतात ती मोडकी बस सापडली आणि त्यांनी ती ओढून अंगणात आणून ठेवली, तेव्हापासून ही मंडळी येतात. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, असं मी तेव्हा म्हटलं होतं. मी त्या बसला सवत म्हणायचे, ते तर तुम्हाला माहीतच आहे. सवत एकदाही चालली नाही, पण तिचे लाड रोज व्हायचे.

तर नव्या गाडीचा फोटो आला आणि मंडळींत जुंपली. डॉक्टर म्हणाले, नाव विकत घेता येतं, आवाज कुठून आणणार? हॉर्नने तर सुतक पाळल्यासारखं तोंड केलं, कारण बॅटरीची गाडी, इंजिनाची घरघर नाही. रंग बघून मास्तर म्हणाले, हा चंडोलचा हिरवा नव्हे, हा खोकल्याच्या गोळीचा हिरवा. आणि खरा वाद पेटला तो गाडीच्या तोंडावरच्या चंडोल पक्ष्याच्या चित्रावरून. जुन्या गाडीवरचा चंडोल डावीकडे बघायचा, नवा उजवीकडे बघतो. त्या पक्ष्याच्या मानेवरून दोन शनिवार चहा थंड झाला. शेवटी मी किटली आपटली आणि म्हटलं, तो कुठेही बघू दे, तुम्ही आधी कपाकडे बघा.

मास्तरांचं एकच पालुपद, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. उद्घाटनाला मी येणार नाही म्हणजे नाही. आणि सगळ्यात आधी नवा शर्ट शिवायला टाकला तो त्यांनीच.

आता तुम्हाला जे सांगायचं राहून गेलंय ते सांगते. तुम्ही म्हणालात, घर विका आणि माझ्याकडे या. मी हो म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. गिऱ्हाईकही मिळालं. त्याची अट एवढीच की अंगण मोकळं हवं. म्हणून मी भंगारवाल्याला बोलावून घेतलं. तो आला, सवतीभोवती एक फेरी मारली, म्हणाला, महिना संपला की उचलतो. मी बरं म्हटलं. मंडळींना यातलं काही बोलले नाही. दर शनिवारी आज सांगू असं ठरवायचे, आणि तेवढ्यात कोणीतरी गळका नळ दुरुस्त करायला घ्यायचं, किंवा डॉक्टर मला डोळ्यांच्या तपासणीला घेऊन जायला गाडी काढायचे. हे गेल्यावर मला वाटलं होतं, यांचं येणं आता बंद होईल. ते चालूच राहिलं. मी समजत होते की सवतीसाठी येतात.

उद्घाटनाच्या आधी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. ओळखलंत का आजी, म्हणाली. मला कुठली ओळख लागायला. ती इंजिनियर आहे. मागे एकदा ती आपल्या बसची मापं घ्यायला आली होती. कशासाठी ते तेव्हा बोलली नव्हती, बहुतेक तिला सांगायची मुभा नसावी. ह्यांनी अख्खा दिवस तिच्याबरोबर घालवला होता, जेवायची शुद्ध नव्हती दोघांना. ती म्हणाली, नव्या गाडीत पहिलं पाऊल तुम्हीच टाकायचं. मी म्हटलं, अगं मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मी आपली चहावाली. ती म्हणाली, तरी याच.

गेले. मास्तर नव्या शर्टात, हॉर्न केस विंचरून. मोठं आवार, मांडव, खुर्च्या, आणि पुढे झाकलेली बस. भाषणं झाली. कापड ओढलं. वन्सं, खोटं कशाला बोलू, गाडी देखणी आहे. रंग गोळीचाच आहे, पण उन्हात बरा दिसतो. माझं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, मी उठले आणि चालू लागले. मागोमाग सगळे चंडोलवाले, एकामागे एक, शिस्तीत.

मी सरळ गाडीच्या मागच्या बाजूला गेले आणि उभी राहिले. समोर गुळगुळीत पत्रा. मी आपली दार उघडायची वाट बघतेय. माझ्यामागे सगळी रांग. सगळे वाट बघतायत. मी पत्र्यावर दोनदा टकटकसुद्धा केलं. तिकडे पुढच्या दाराशी कंपनीचे साहेब हातात कात्री घेऊन उभे, आणि त्यांना कळेना की पाहुणे गेले कुठे.

चंडोलला दार मागेच असायचं ना. आपण सगळे जन्मभर मागूनच चढलो. हे मला लग्न करून घरी घेऊन आले तेही त्याच दाराने, चढताना माझी चप्पल खाली पडली आणि कंडक्टरने गाडी थांबवून ती उचलून दिली. मला बसमधलं काही कळत नाही असं मी उभा जन्म सांगत आले. पायांना मात्र सगळं ठाऊक होतं.

आणि गंमत अशी की ज्या मंडळींना फोटोवरून पक्ष्याची मान कुठे वळलीय ते दिसलं, त्यांतल्या एकालाही दार कुठे आहे ते दिसलं नव्हतं.

मग डॉक्टर मागून शांतपणे म्हणाले, नाव घेतलं, दार घ्यायचं विसरले वाटतं.

आणि जे हसू फुटलं म्हणता. मास्तर खांबाला धरून हसत होते. हॉर्नने तिथेच हॉर्न वाजवला. कंपनीचे साहेबही हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि ते काही केल्या थांबेना. त्या नव्या कोऱ्या पत्र्यावर हात टेकवून मी हमसून हमसून रडले, सगळ्यांसमोर.

वन्सं, हे गेले त्या दिवशी तुम्ही आतल्या खोलीत कोणाला तरी म्हणालात, वहिनीच्या डोळ्यांत टिपूस नाही. मी ऐकलं होतं. राग नाही हो, तुमचा भाऊ गेला होता, आणि खरंच माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. येतच नव्हतं. उद्घाटनाच्या दिवशी आलं, इतकंच तुम्हाला कळावं.

ती मुलगी धावत मागे आली, माझा हात धरून मला पुढून आत घेऊन गेली आणि खिडकीशी बसवलं. खिडकी चांगली खाली आहे, मांडीच्या जरा वर. ती म्हणाली, आजी, ही उंची तुमच्या अंगणातल्या गाडीची आहे. कंपनीत सगळे नको म्हणत होते, मी भांडून ठेवली. कारण आजोबांनी त्या दिवशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती. ते म्हणाले होते, माझी बहीण लहानपणी एवढीशी होती. दुसऱ्या बसमध्ये तिला नुसतं आभाळ दिसायचं. चंडोलमध्ये बसली की रस्ता दिसायचा, माणसं दिसायची, आणि मग ती रडायची थांबायची. बाकी काय हवं ते बदला, पण खिडकी खालीच ठेवा.

मला ह्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला तरी माहीत होतं का? म्हणजे आता त्या गाडीत जे जे पोर बसेल त्याला रस्ता दिसेल, आणि तो तुमच्यामुळे. देवाचे, ह्यांचे आणि त्या पोरीचे मी किती आभार मानू तेच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भंगारवाल्याला फोन केला आणि नको म्हणून सांगितलं. शनिवारी मंडळी आली तेव्हा सगळं कबूल केलं, की मी गाडी द्यायला निघाले होते. कोणाला नवल वाटलं नाही. मास्तर म्हणाले, आम्हाला ठाऊक होतं. भंगारवाल्याकडे चंडोलची काचही आली तरी तो आधी मला फोन करतो, अख्ख्या गाडीचा करणार नाही होय? मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? ते म्हणाले, गाडी तुमची, घर तुमचं, आम्ही कोण सांगणारे? आम्ही चहाला येतो.

म्हणजे गाडी जाणार हे माहीत असूनही ही माणसं येत होती. नळ दुरुस्त करत होती. माझ्या डोळ्यांत औषध घालत होती.

वन्सं, मी येत नाही. तुमच्याकडे कायमची राहायला येत नाही. घर विकत नाही. हे लिहिणं सोपं नाही, कारण तुम्हीही तिकडे एकट्या आहात आणि त्या रंगवलेल्या खोलीची वाट मीही बघत होते. उन्हाळ्यात येईन, चांगली पाहुणी म्हणून येईन, तुम्ही हाकलून देईपर्यंत राहीन. पण शनिवारी मला इथे असायला हवं. चहा कोण करणार?

आणि तुम्ही इकडे या. गुडघ्याचं कारण सांगू नका. मंडळींनी सवतीची पायरी पक्की केलीय आणि मागच्या बाकाला नवी गादी घातलीय. दादा आणि तुम्ही शाळेला जाताना जिथे बसायचात तीच जागा, खिडकीकडची. मी तिथे कोणाला बसू देत नाही. हॉर्नलासुद्धा उठवलं.

वाट बघते.

तुमची वहिनी,
आणि आता सवतीची राखणदार

ता. क. आपली गाडी अजूनही चालत नाही. पण चढायचं मागूनच. आपल्या गाडीला दार आहे.