तिच्या ‘हो’वर माझी सही

७ एप्रिल, सोमवार
हौसाबरोबर कडवे वाल सोलत बसायचे, ते सकाळपासून डोळ्यांपुढे आहे. वाडीतल्या शाळेचा ओटा, भिजलेल्या वालांची परात, तिच्या मांडीवर झोपलेली सुगंधी. मी साक्षरता वर्गाची बाई, हौसा माझी सगळ्यात थोराड विद्यार्थिनी. काही विचारलं की ‘हो बाई’. काहीच विचारलं नाही आणि बोटं चालू राहिली, की मात्र बोलायची. नवरा, वीटभट्टी, बिबट्याने नेलेली शेळी. पंचवीस वर्षं झाली असतील. हौसा गेली. मांडीवरची सुगंधी आता जेलात आहे, आणि तिच्या कबुलीजबाबावर दुभाषी म्हणून माझी सही आहे.

८ एप्रिल
चहा ठेवला आणि विसरले. पातेलं जळलं.
एकदा सगळं नीट लिहून काढते. गेल्या महिन्यात डोंगराखालच्या फार्महाउसला आग लागली. राखणदार भाजला, अजून हॉस्पिटलात आहे. मालकाने झऱ्याची वाट तार घालून बंद केली होती, त्यावरून सुगंधीचं तिथे भांडण झालेलं. म्हणून तिला धरलं. कातकऱ्यांची बोली कोर्टात कुणाला येत नाही, मला येते, म्हणून पाच वर्षं मला बोलावतात. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी सगळं नियमाने विचारलं. आवाजही चढवला नाही. स्वतःच्या मर्जीने बोलतेस ना? हे तुझ्याविरुद्ध जाऊ शकतं, कळतं ना? आग तू लावलीस?
तिन्हींना ‘हो’. तिन्ही वेळा मी ‘होय’ सांगितलं. शब्दाला शब्द बरोबर. तिच्या आईला इतकं ओळखत असून.

१० एप्रिल
बाजारात हवालदार गायकर भेटला. माझा जुना विद्यार्थी, वर्गात मागून पहिला. त्याला अडखळत सांगितलं, की ही माणसं साहेबाला, शेठला, बाईला ‘हो’ म्हणतात ते कबूल म्हणून नाही. तुमचं ऐकलं, आता जाऊ द्या, एवढंच. भट्टीवर शेठला ‘नाही’ म्हणणाऱ्याचं काय होतं, ते त्यांनी पाहिलेलं असतं.
तो हसला. “बाई, आमची बायको पन मला हो हो म्हनते नि आपलंच करते. तिचा जबाब कोन लिवनार?”
मग आवाज उतरवून म्हणाला, “तुमी भाषा बदलून द्यायची. अर्थ लावाया वकील हायत. आनि आता मागं सरलात, तर आदीचे तुमचे सगळे जबाब उकरतील. तेवडं बगा.”
धमकी नव्हती. काळजीच होती. तेच जास्त लागलं.
घरी येऊन निळी वही काढली. दुभाषी म्हणून केलेल्या प्रत्येक जबाबाची नोंद आहे तिच्यात. कितीतरी पानांवर नुसतं ‘होय’. मोजली नाहीत.

१४ एप्रिल
भिसेगावात जयंती. घरी माझ्या वडिलांच्या फोटोलाही हार घातला. रेल्वेतली साधी नोकरी, पण मला हट्टाने कॉन्व्हेंटात घातलं. पहिल्या वर्षी इंग्रजीचं अक्षर कळायचं नाही. सिस्टर काहीही म्हणाल्या की मी ‘येस सिस्टर’. असंच एकदा, कुणी सांडलेली शाई माझ्या नावावर गेली. मधल्या सुट्टीभर भिंतीकडे तोंड करून उभी होते. कशासाठी, ते मैत्रिणींनी घरी जाताना सांगितलं.
मला हे कळायला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरीही...

१६ एप्रिल
प्राचीबरोबर जेलात जाऊन आले. प्राची ही सु.ला सरकारने दिलेली वकील, हुशार पोरगी. दुभाष्याने आरोपीला असं भेटू नये, माहीत आहे. गेले.
सु. वाळली आहे. मी विचारलं, “आग तू लावलीस?”
“हो बाई.”
“का तुझ्या भावाने?”
“हो बाई.”
प्राचीने पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, “मी लावली का गं?”
“हो बाई.”
मग विचारणं सोडलं. हौसाच्या गोष्टी सांगत बसले. बऱ्याच वेळाने जाळीवरून बोट फिरवत ती आपणहून बोलली (तिच्या बोलीतून, जमेल तसं): “मी तवा लोधिवलीला व्हती, भनीकडं. तिच्या पोराला न्हाऊ घालीत व्हती.” पाणी किती ऊन होतं, टाळू कशी लपलप करत होती, सगळं सांगितलं. मग वेळ संपली.
तू कुठे होतीस, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

१९ एप्रिल
प्राची एकटीच लोधिवलीच्या भट्टीवर जाऊन आली. फोनवर आवाज नुसता नाचत होता. बहिणीने सांगितलं म्हणे, सुगंधी त्या दिवशी तिथेच होती. मी विचारलं, तू तिला विचारलंस काय? म्हणाली, ‘सुगंधी इथेच होती ना?’ असं. आणि लगेच तीच म्हणाली, “शी. मीपण तेच केलं. तीही नुसतं ‘हो’ म्हणाली.”
म्हणजे सु. निर्दोष आहे, हे मला माहीत नाही. तिने गुन्हा कबूल केलेला नाही, एवढंच माहीत आहे. आणि कबूल केला असं मी लिहून दिलं.

२१ एप्रिल
उद्या जामिनाची सुनावणी. तिचं ‘हो’ म्हणजे कबुली नव्हे, असं माझं प्रतिज्ञापत्र तयार आहे. दोनदा स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत आले, काही काम नसताना. उद्या काय काय विचारतील, पुढे माझ्यावरच काही येईल का, ठाऊक नाही. म्हणून लिहून ठेवते.
मूळ प्रत कोर्टाला. एक गायकरला, आणि सकाळीच. कोर्टात कानावर पडण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. दुभाष्याचं ओळखपत्र कोर्टातल्या बाबूंकडे द्यायचं, मागितलं नाही तरी. निळी वही प्राचीला. ती म्हणेल, नुसतं सुगंधीचं पान द्या. तरी सगळी द्यायची. यात नियम मोडतो की पाळला जातो, अजून ठरत नाही.
एक प्रत लोधिवलीला, सु.च्या बहिणीला. तिला वाचता येत नाही. कुणीतरी शेजारी बसून तिच्या बोलीत वाचून दाखवावी. घाई करू नये. आणि वाचून झाल्यावर ‘समजलं ना?’ असं विचारू नये.