सकराचा काटा

प्रिय व्हर्ला अक्का,

धाकट्या ऑर्व्हलचा गुडघा टेकून नमस्कार (एकच, दुसरा आता टेकत नाही). तुझी कंबर कशी आहे? दाजींचा दमा? इकडे सगळे खुशाल, मी सोडून. डॉक्टरांनी मला आठवडाभर बोलायला बंदी केली आहे. तू म्हणशील, हे औषध चाळीस वर्षं उशिरा मिळालं. म्हणून हे पत्र.

आपल्या लुएलाने वेंडेल किंब्रो नावाचा मुलगा पसंत केलाय. सरकारी नोकर. काम काय, तर सकर मासे मोजणं! वसंतात रेडबडची झाडं गुलाबी फुलली की पिवळे सकर आपल्या ओढ्यातल्या उथळ खडीवर चढतात, हे तुला-मला ठाऊकच. हा गडी त्या गारठ्यात पाण्यात पालथा पडतो, तोंडात श्वासाची नळी धरतो, आणि दोन नर मधल्या मादीला दोन्हीकडून कसे चेपतात ते बघून पाटीवर लिहितो. (त्या दिवसांत नरांच्या नाकाडावर खरखरीत पुटकुळ्या येतात. दाजींना लग्नाआधी आल्या होत्या, अगदी तशाच.)

तेही चाललं असतं. पण पहिल्याच भेटीत, माझीच कॉफी पीत म्हणतो, "साहेब, तुमच्या लाकूडगिरणीचा भुसा वाहून खडीवर बसतोय. सकर घरटं बांधत नाही, राखण करत नाही. अंडी खडीच्या फटींत सोडतो आणि जातो. फटी बुजल्या की अंडी गुदमरतात." म्हणजे उसन्या करवतीवर उभी केलेली माझी गिरणी खुनी! मी म्हटलं, "तीस वर्षं खातोय रे ते मासे." तो म्हणाला, "म्हणूनच मोजतोय." लुएला हसली. मला लागलं ते तिचं हसणं.

मग गेल्या शनिवारी मी त्याला जेवायला बोलावलं. आईने शिकवल्याप्रमाणे सकराला कातडी न तोडता अगदी दाट चिरा घातल्या, म्हणजे ते केसाएवढे काटे कढत चरबीत विरतात. सगळ्या माशांना घातल्या, एकाला नाही. तो वेंडेलच्या ताटात. माशांचा पंडित चार माणसांत खोकावा, एवढंच मनात होतं. मग प्रार्थना. ती घरच्या कर्त्याने म्हणायची आणि बाकीच्यांनी डोळे मिटायचे. मी खुशीत होतो, मीही मिटले आणि लांबवली: पाऊस, मका, राज्यपाल, तुझी कंबरसुद्धा घेतली. आमेन म्हणून पहिला मोठा घास घेतला, आणि अक्का, काटा थेट घशात! लुएलाने डोळे मिटलेच नव्हते. माझं आणि वेंडेलचं ताट बदललं होतं.

"बाबा, देवाचं नाव घेताना एक डोळा उघडा ठेवावा, हे तुम्हीच शिकवलंत ना?" ही माझी लेक. वेंडेलने मात्र मला उचलून गाडीत घातलं, चाळीस मैलांवरच्या दवाखान्यात नेलं, आणि वाटेत भुशाचा भ काढला नाही. मला बोलता येत नव्हतं आणि त्याने फायदा घेतला नाही. असा एक माणूस आपल्या खानदानात दाखव.

आता लुएलाने बजावलंय: रविवारी चर्चच्या मासेजेवणात सगळ्यांसमोर होकार द्या, नाहीतर आम्ही कचेरीत लग्न लावून गाव सोडतो. अक्का, ती बोलते ते करते. माझ्यावरच गेलीय.

तुझा,
मुका ऑर्व्हल

ता.क. शुक्रवारच्या बसने ये. होकार माझ्या वतीने तू दे. आईची ती चिरा घालायची पातळ सुरीही आण.

ता.क. पुन्हा. आवाज खरं तर मंगळवारीच परत आला. पण गेल्या महिन्यात त्याच चर्चच्या अंगणात मी ओरडून बसलोय, "हा मोजणीवाला माझा जावई? सकर झाडावर चढेल त्या दिवशी!" ऐकणारे सगळे अजून जिवंत आहेत.

ता.क. शेवटचा. भुशाचा ढीग वरच्या माळावर हलवला. परवाच्या सरीने खडी बरीच धुतली. आज सकाळी तिथे तीन सकर होते, मादी मधोमध. वेंडेलला सांगू नकोस. त्याचे त्याला मोजू दे.