निळ्या झग्यातली आल्ट्ये

प्रिय माख्टेल्ट,

आपली आल्ट्ये हार्लेममध्ये तापाने गेली, तेव्हा मी इथे लंडनला दरबारी स्त्रियांची चित्रे रंगवत होतो. तू तिचे चित्र मागितलेस. ते आठवणीतूनच काढणे भाग होते.

आमच्या चित्रशाळेत प्रत्येक स्त्रीला एकच चेहरा मिळतो: जड पापण्या, झोपाळू डोळे, इवलेसे तोंड. ही टूम आम्हा हॉलंडकरांनीच आणली. आता इंग्रज चित्रकारही तीच गिरवतात.

काल चित्र पुरे झाले. आमचे मालक योस्ट वाकून पाहत म्हणाले, "कुठल्या सरदाराची लेक रे ही, गोव्हर्ट? आपल्या गिऱ्हाइकांत तर नव्हती."

"माझी मुलगी आहे, मालक."

त्यांनी रंग पुसायची चिंधी माझ्या हाती दिली. मग म्हणाले, "डोळे पूस. परत काढ."

मी पुन्हा पुन्हा पुसले आणि पुन्हा पुन्हा तेच झोपाळू डोळे उमटले. तिचे खरे डोळे कसे होते, हे आता तुलाच विचारावे लागेल, आणि ते विचारण्याचे धैर्य माझ्यात नाही. म्हणून चित्र पाठवणार नाही, हे पत्रही नाही.

निळा झगा मात्र हुबेहूब तू शिवलेलाच आला आहे, बाह्यांच्या चुण्यांसकट.

तुझा,
गोव्हर्ट