बद्द वाजणाऱ्या पुंगळ्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

बोटं काळी ती काळीच! तीनदा साबण लावला, लिंबू चोळलं, तरी नखांत आहेच. मिहिका म्हणते, "ममा, डोन्ट टच माय बुक्स." घ्या!

इथे आखातात नेमबाजीच्या क्लबात नोकरी लागली म्हटल्यावर चिपळूणला आईला वाटलं, पोरगी बंदूक चालवते. कसली बंदूक आणि कसलं काय! मेंबर लोक ठो ठो करून घरी जातात. मागे पडलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या झाडून आमच्या टेबलावर ओततात. सगळी सरमिसळ. त्या निवडायच्या, ताटात तांदूळ घेऊन बसावं तसं. मापाप्रमाणे नऊच्या इकडे, चाळीसच्या तिकडे, पंचेचाळीसच्या तिसऱ्या डब्यात. लोखंडी असतील त्या चुंबकाने उचलायच्या. मग धुवायच्या, आणि धड असतील त्या पलीकडच्या खोलीत पुन्हा गोळी-दारू भरायला जातात.

त्यातही लबाड पुंगळ्या एकीच्या पोटात एक जाऊन बसतात. पंचेचाळीसमध्ये चाळीस, चाळीसमध्ये नऊ. आईच्या फळीवरचे डबेच! तशाच धुतल्या की आतली हलत नाही.

समोर बसतात खैरुद्दीन चाचा. साठीचे. किती वर्षं इथे आहेत ते त्यांनाच माहीत. आणि निघाले कुठले, तर खेडचे! मी आनंदाने ओरडलेच, "अहो, मी चिपळूणची!" म्हणाले, "बरं." बस, संपलं.

हाक मारली तर तिसऱ्या हाकेला बघतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज चाचांनी पहिल्यांदा काही शिकवलं. धुतलेल्या पाच-सहा पुंगळ्या मुठीत घेतल्या, माझ्या कानाशी खुळखुळवल्या. "आईक, बाय." सगळ्या खणखणीत. मग त्यात एक नवी घातली, परत खुळखुळवल्या. एक बद्द वाजली! डोळ्यांना काही दिसेना. नखाने चाचपलं तेव्हा तोंडाशी केसाएवढी चीर लागली. तशीच भरली तर पुढच्या बाराला फुटणार, आणि गरम वाफ नेम धरणाऱ्याच्या तोंडावर येणार.

"मडका वाजवून घेतात ना बाजारात? तसाच." एवढं बोलून चाचा पुन्हा निवडायला लागले.

बाजारात आई पाच मडकी वाजवायची तेव्हा मी लाजून लांब उभी राहायचे. आता दिवसभर तेच करते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

हारुनभाई — आमचे सुपरवायझर — सांगून गेले. निवडायचं मशीन येतंय. "ईद के बाद टेबल पे एक ही आदमी रहेगा. देखते हैं कौन." आणि यल्ला यल्ला, चला चला करत पुढे.

एकच. म्हणजे चाचा नाहीतर मी.

मला ही नोकरी हवी आहे. इथे लिहायला कुणाची चोरी? सात वर्षं इथल्या मनखूल भागातल्या फ्लॅटमध्ये भाजी, डबा, होमवर्क केलं. आता संध्याकाळी पाचला क्लबच्या बसमधून उतरते तेव्हा पाठ दुखत असते आणि मी गुणगुणत असते. पण चाचांच्या टेबललॅम्पवर नातीचा फोटो चिकटवलेला आहे. झारा, चार वर्षांची. तिचं शिक्षण, घरचा खर्च, सगळं यांच्याच जिवावर असणार. या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार?

सोमवार, १७ फेब्रुवारी

वाईट झालं.

चाचा नमाजला गेले होते. त्यांनी पास केलेल्या डब्यातल्या मूठभर पुंगळ्या मी सहज खुळखुळवल्या. बद्द! दुसरी मूठ, पुन्हा बद्द! एका डब्यात तीन तडकलेल्या. अशा कशा सुटल्या त्यांच्या हातून?

मग एकदम उजेड पडला. तिसरी हाक. "आं?" करणं. जन्म गेला त्या ठो ठो मध्ये. चाचांना ऐकू येत नाही!

तिन्ही काढल्या, भंगाराच्या बादलीत टाकल्या. कुणाला बोलले नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज दोन.

बुधवार, १९ फेब्रुवारी

विघ्नेशला सांगितलं. हे म्हणाले, "हारुनला सांगून टाक. उद्या कुणाच्या तोंडावर फुटलं तर? आणि जॉब पण तुलाच मिळेल." म्हटलं, तेच तर! कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतील. आणि म्हणायला लोक कशाला हवेत, मीच म्हणेन स्वतःला.

"फुटणार नाही," म्हटलं, "त्यांचा एकेक डबा मी तपासते."

"रोज?"

"रोज!"

नवऱ्याने कपाळाला हात लावला. पण नंतर चहा त्यांनीच केला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मेले मी!

धुवायचं लिक्विड संपलं होतं. घरची समई कशी चिंच-मिठाने लखलखते! डब्यातून चिंच नेली, मीठ घातलं, काल अख्खी बादली त्यात भिजत घातली. पाच वाजले, बस आली, पळाले. विसरलेच!

सकाळी बघते तर पुंगळ्या गुलाबी! पिवळ्याधमक पितळेच्या तांबूस-गुलाबी, लग्नातल्या पेढ्याच्या खोक्यासारख्या. चाचांनी एक उचलली, उजेडात धरली. आंबटात जास्त वेळ राहिलं की पितळेतलं जस्त निघून जातं म्हणे. पितळ कमजोर होतं. अख्खी बादली भंगारात!

हारुनभाई ओरडत आले. "किसने किया ये?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात चाचा म्हणाले, "मेरे से हुआ."

"चचा! आपसे ये उम्मीद नहीं थी."

ते गेल्यावर मी रडकुंडीला आले. चाचा म्हणाले, "समई किती वेळ ठेवतेस?" म्हटलं, पाच मिनिटं. "मग?" आणि हसले. दात नाहीत दोन. इतका गोड हसतो हा माणूस, आणि तीन आठवडे लपवून ठेवलं होतं!

मंगळवार, ४ मार्च

रोजे सुरू झालेत. मी डबा घेऊन धुवायच्या खोलीत निघाले होते. चाचा म्हणाले, "हितंच खा. तुझ्या खाण्यानं माझा रोजा मोडत नाय."

मी आता त्यांच्याशी मोठ्याने बोलते, हाताने खुणा करून. सगळा हॉल वळून बघतो. बघू देत.

डब्यांतून रोज दोन-तीन निघतातच. एक लक्षात आलंय. तडकलेल्यांच्या बुडाशी बहुतेक चांदणीचा शिक्का असतो. तो मालच वाईट असणार.

मंगळवार, ११ मार्च

आपल्या बिल्डिंगखालच्या क्लिनिकमध्ये कान फुकट तपासतायत. चाचांच्या कानाशी जाऊन ओरडले, "शनिवारी याल का? कान दाखवायला!" त्यांनी कान चोळला. "माझं कान मला ठावं हायत." हट्टी म्हातारा!

मंगळवार, २५ मार्च

काल मिहिकाला ताप, मी घरी. दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. तापाचं होतंच, पण चाचांचे डबे कोण तपासणार?

आज पोचते तर हारुनभाई दारातच, अचानक तपासणी! कालचे चाचांचे सगळे डबे उचलले आणि भरायच्या खोलीतल्या माणसांना एकेक पुंगळी भिंगाखाली बघायला लावली. नेमके कालचेच! मी काल आले असते तर... ताप मुलीला, आणि विचार कुणाचा करतेय मी! चाचा आपले शांत. निवडतायत.

तासाने हारुनभाई आले. "माशाल्ला चचा. एक भी नहीं."

एकही नाही! नशीबच म्हणायचं. देव आहे खरा. संध्याकाळी बसमधून उतरल्यावर मी देवळात जाऊन आले.

गुरुवार, २७ मार्च

चाचा चालले. ईद झाली की कायमचे. स्वतःच लिहून दिलंय.

मी विचारलं, "कानांमुळे? कुणी काही बोललं का?" तर नातीचा फोटो लॅम्पवरून सोडवत बसले. मग म्हणाले, "तू हायस ना आता टेबलावर." हारुनभाई पण तेच म्हणाले, टेबल माझं. हवी होती ती नोकरी मिळाली, आणि मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. डबे तपासून तपासून मी यांना वाचवत होते, आणि ते स्वतःच उठून चालले!

रविवार, ३० मार्च

पाडवा आणि ईद एकाच दिवशी! बाल्कनीत गुढी उभारली, पुरणपोळ्या केल्या आणि विघ्नेशच्या गाडीतून थेट क्लबच्या क्वार्टर्सवर. चाचांनी शीरखुर्मा केला होता. मिहिका तीन वाट्या प्यायली. "ममा, व्हाय डोन्ट यू मेक धिस?" कार्टी!

निघताना चाचांनी तिच्या हातात ईदी ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात. बापाचाच हात वाटला.

गुरुवार, ३ एप्रिल

गेले. टेबलासमोरची खुर्ची बघवत नाही.

सोमवार, ७ एप्रिल

चाचांचा ड्रॉवर आवरला. मागच्या कोपऱ्यात नानकटाईचा पत्र्याचा डबा. उघडला तर पुंगळ्या! सगळ्या चांदणीच्या शिक्क्याच्या. हारुनभाईंनी वाकून बघितलं. "ये कहाँ से निकला? ये माल तो तीन साल से बंद है!"

मी एक मूठ उचलून खुळखुळवली. दुसरी. तिसरी. एकूण एक बद्द.

मूठ परत डब्यात ओतली. मग खेडला फोन लावला. आणि अगदी हळू, नवऱ्याशीही कधी बोलत नाही इतक्या हळू विचारलं, "चाचा, ऐकू येतंय?"

"सगळा येतंय," चाचा म्हणाले. "पहिल्यापासना येतंय. तू बोलतेस लय, बाय. पयल्या हाकेला बघितला असता तर काम कवा झाला असता?" मागे झारा खिदळत होती. "रोज दोन-तीन तडकलेल्या माझ्या डब्यात मीच टाकायचो, तू गेलीस की भंगारात मोजायचो. एकदा पन एक चुकली नाय तुझी. मग म्हटलं, आता जायला हरकत नाय."