महिन्यात पाच सिलिंडर

प्रिय स्नेहल,

डब्यात चपातीखाली पत्र सापडलं म्हणून दचकू नकोस. घरातच बोलले असते, पण टीव्ही कितीही मोठ्यानं लावला तरी तुझ्या बाबांचे कान आपल्याकडेच असतात.

तुझे आजोबा एकाहत्तरच्या लढाईत नौदलात बिनतारी खात्यात होते, एवढंच आपल्याला ठाऊक. परवा गवारी मोडता मोडता ते म्हणाले, शत्रूच्या बोटींचे गुप्त संदेश मी फोडायचो. सासूबाईंना शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही, आणि मला सांगितलं ते तुझ्यामुळे. तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर 'गॅस' लिहून ठेवतेस ना, ते त्यांच्या नजरेत आलं. "म्हैन्यात पाच सिलिंडर? घरात खानावळ हाय व्हय?" मग वही काढून बसले. तुझा प्रत्येक 'गॅस' नेमका तुझ्या प्रसेनजीतची शिरोलीच्या फौंड्रीत पहिली पाळी असते, संध्याकाळ मोकळी असते, त्या दिवशी. दोन महिन्यांत मिळून दोनच लाल शाईत, बरोबर एकतीस दिवसांच्या अंतरानं. हयातीचा दाखला द्यायला म्हणून गेले, ते विवाह नोंदणी कार्यालयाच्या फळ्यावरची तुमची लग्नाची तीस दिवसांची नोटीस वाचूनच आले.

म्हटलं, आता आजोबा तुझ्या बाबांना सांगणार. तर मलाच झापलं. फोडलेला संदेश बोलून दाखवायचा नसतो म्हणे. बोट गाठायची तर आधी वरून एक विमान फिरवायचं, म्हणजे शत्रूला वाटतं, आपण विमानाला दिसलो. तुझ्या बाबांसाठी लागणारं विमान माझ्या माहेरचं होतं, म्हणून मला सामील करून घेतलं. गारगोटीच्या कृष्णातमामानं शुक्रवारी सामाजिक समता मेळावा ठेवलाय. प्रमुख पाहुणे, तुझे बाबा. प्रसेनजीतचं आडनाव ऐकून भरलं ताट सरकवणारा माणूस चार दिवस आरशासमोर समतेवर बोलतोय, आणि मी त्याचं भाषण सुधारून देतेय.

तर शुक्रवारी, दुसऱ्या लाल 'गॅस'च्या दिवशी, तुम्हाला तीन साक्षीदार लागतील; एक तुम्ही आणा, दोन घरचे. त्यातली एक मी. संध्याकाळी बाबांनाही मीच सांगेन, मेळाव्याचा फेटा डोक्यावर असतानाच. फेट्यात माणूस जरा बेतानं ओरडतो. दुसरे आजोबा. पांढऱ्या पॅन्टला दोनदा इस्त्री करून झाली. लढाईत त्यांनी फोडलेल्या एकाही कागदावर त्यांचं नाव कधी लागलं नाही. म्हणून विचारतायत, तिथं सही जरा मोठ्या अक्षरात केली तर चालंल का, पोरीला विचार की.

शुक्रवारची रजा टाकून बसलेली,
तुझीच आई