शेलूच्या खोल्यांचं कुलूप

चौक, ४ नोव्हेंबर २०२४

ती. छायाआत्यास,
हर्षलाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस. इथे फोनवर बोललेलं पलीकडच्या खोलीत ऐकू जातं, म्हणून लिहिते.

हरेशभाऊजींचं लग्न पंधरा डिसेंबरला ठरलं. माझी खोली नव्या जोडप्याला लागणार. दहा तारखेपर्यंत तुझी सोय बघ, असं सासूबाईंनी मेथी निवडता निवडता सांगितलं. राजेश गेल्यावर तीन वर्षं त्यांनी ठेवून घेतलं, त्यांना बोल लावत नाही. पण मला हक्काची जागा एकच, राजेशने घेतलेल्या शेलूच्या दोन खोल्या. आणि तिथे आपल्या माहेरगावचा लडकू बिऱ्हाड करून आहे.

काल जाऊन आले. लडकू म्हणाला, एवढ्यात दुसरी जागा कोण देतो, जो तो आधी डिपॉझिट मागतो. त्याची बायको दारातूनच म्हणाली, निघा असं कुठल्या कागदात लिहिलंय ते दाखवा. कागद नाहीच, आत्या. राजेशला खांदा देणाऱ्यांत लडकू पुढे होता. त्याच्यापुढे स्टॅम्पपेपर कसा धरायचा? भाडं त्याने कधी चुकवलं नाही. हातात आणून देतो, वर दिवाळीला नवे तांदूळ.

भाऊजी म्हणतात, घरात कोणी नसताना कुलूप ठोकायचं, माणूस आपोआप सरळ होतो. माझं डोकं चालेनासं झालंय. रागाव, पण लवकर लिही.

तुझ्याच भरवशावर असलेली,
हर्षला

खालापूर, ९ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी महत्त्वाचं. कुलूप लावायचं नाही. पाणी तोडायचं नाही, लाइट तोडायची नाही, सामानाला हात लावायचा नाही. खोल्या तुझ्या असल्या तरी राहतं घर त्याचं आहे. तू कुलूप लावलंस की गुन्हा तुझा आणि फिर्यादी तो. हरेशला म्हणावं, सल्ला देणाऱ्याचं नाव तक्रारीत येत नाही, हात लावणाऱ्याचं येतं.

खोल्या देतेवेळी मी काय सांगितलं होतं, आठव. अकरा महिन्यांचा करार कर, तो नोंदवून घे, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दे, भाडं बँकेतच घे. यातलं एकही केलं नाहीस. नोंदवलेला करार असता, तर मुदत संपल्यावर जागा मिळवायला सोपी वाट होती. तो नाही म्हणजे अटी काय ठरल्या यावर लडकू सांगेल ते आधी खरं धरतील, आणि खोटं ठरवायचं ओझं तुझ्यावर. तीस वर्षं वकिलाकडे टाइपिंग केलं, त्यात तुझ्यासारख्या किती रडताना पाहिल्या. सगळ्यांनी ओळखीच्याला जागा दिली होती. परक्याकडून कागद घ्यायला कोणाला लाज वाटत नाही.

खांदा दिल्याचं ऋण मोठं असतं, मान्य. ते त्याच्या अडीनडीला धावून जाऊन फेडायचं, कागद चुकवून नाही.

आता हे कर. खरेदीखत, लाइटबिल, घरपट्टीच्या पावत्या एकत्र ठेव. कर्जतच्या वकिलाकडून रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवू. मी बरोबर येते. तोवर शेलूला फिरकू नकोस.

राग आहे म्हणूनच लोभ आहे, हे ओळखून असावे.
छायाआत्या

चौक, १७ नोव्हेंबर २०२४

ती. आत्यास, सा. न.

तुझं पत्र चौदाला मिळालं. कुलूप मी बारालाच लावलं होतं.

लडकू कामावर गेलेला, त्याची बायको मुलांना घेऊन नेरळच्या बाजारात. दार नुसतं ओढलेलं होतं. मी दोनदा कडी वाजवली. आतून कोणी ओ दिली नाही. भाऊजींनी दिलेलं कुलूप लावलं आणि निघाले.

आत लडकूची आई होती. गौराबाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्याआधी चारच दिवस गावाहून आणलेली, एका डोळ्याचं नुकतंच झालेलं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नाही, कडी वाजलेली कमी ऐकू येते. मला ठाऊक नव्हतं, आत्या, देवाशप्पथ ठाऊक नव्हतं. ती दुपारभर आत होती. औषधाचे थेंब चुकले. संध्याकाळी लडकूने दगडाने कुलूप तोडलं.

मग त्याने मला फोन केला. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "ताई, आय आत होती गं."

आता त्याची बायको म्हणते, तक्रार देणारच. लडकूने चोवीसच्या रविवारपर्यंत थांबू म्हटलंय. भाऊजींनी हात झटकले. दहा तारीख तशीच आहे. मी इथली राहिले नाही, तिथे तोंड दाखवायची राहिले नाही. तू ये.

हर्षला

खालापूर, २५ नोव्हेंबर २०२४

चि. हर्षला हिस, आशीर्वाद.

शनिवारी शेलूला जाऊन आले. तुला मुद्दाम नेलं नाही. तू रडली असतीस आणि काम राहिलं असतं.

डोळा वाचलाय. डॉक्टरांचा कागद मी स्वतः वाचला. आता धड श्वास घे.

गौराबाईंच्या पाया पडले. वयाने माझ्याच बरोबरीच्या, पण पडले. हाक का मारली नाही, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं लडक्याच कुलूप लावून गेला. घरच्यानं लावल्यावर बोंब कशाला मारू?" हर्षला, मी टाइप केलेल्या एकाही तक्रारीत इतकं जड वाक्य नव्हतं.

तक्रार देणार नाहीत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन संक्रांतीनंतर आहे. ते उरकून होळीच्या आत खोल्या सोडू, असं लडकू म्हणाला. तुझ्या वतीने मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड होतं कुठे? मी उठायला लागले तशी त्याने वाट अडवली. म्हणाला, तोंडी नको आत्या, आता कागद करा. ज्याच्याकडे कागद मागायची तुला लाज वाटली, त्यानेच तो मागितला. तुझ्या शब्दाची किंमत एवढी उरली, हे मी तुझ्याकडून लपवणार नाही.

करार रीतसर नोंदवू. मसुदा केलाय. पहिलं कलम गौराबाईंनी सांगितलं: दाराला बाहेरून कुलूप फक्त राहणाऱ्यानेच लावावे. वकील असल्या कलमाला हसेल. हसू दे, ते राहील.

तू दहाच्या आधी इकडे निघून ये. माझ्याकडे एकच खोली आहे, स्वयंपाकाच्या ओट्याखाली ट्रंक राहील, त्याहून जास्त आणू नकोस. होळीपर्यंत तीन महिने भांडत काढू.

तुटलेलं कुलूप गौराबाईंनी उशाशी ठेवलंय. त्याची किल्ली तुझ्याकडे आहे. येताना आधी शेलूला उतर आणि ती त्यांच्या हातात दे. एकटी जा.

वाट पाहते. दार लोटलेलं असेल, ढकल आणि आत ये.
छायाआत्या