तिसरी ब आणि परिच्छेदाचा हत्ती

३ ऑगस्ट
आजपासून तिसरी ब माझ्याकडे. त्यांच्या बाई पाय मोडून रजेवर. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलांना चार सरळ वाक्यं एकापुढे एक लिहिता आली तरी पुरे. पुरे! आठवी-नववीला निबंध शिकवलेल्या माणसाला! संकल्प : पालकदिनाला प्रत्येक मुलाचा परिच्छेद भिंतीवर. मुख्य वाक्य, आधाराची वाक्यं, समारोप. मग भाषा विभाग माझ्याकडेच येणार, हे उघड आहे. बायकोने विचारलं, त्यांना जोडाक्षरं येतात का? बारीकसारीक गोष्टींत मी पडत नाही.

५ ऑगस्ट
फळ्यावर हत्ती काढला. सोंड म्हणजे मुख्य वाक्य, पाय म्हणजे आधार, शेपूट म्हणजे समारोप. वर्ग तल्लीन. सगळ्यांनी हत्ती काढले. लिहिलं कुणीच नाही, पण पाया पक्का झाला. पहिल्या बाकावरच्या चिमणीने विचारलं, सर, कान म्हणजे कुठलं वाक्य? उद्या सांगतो म्हटलं.

६ ऑगस्ट
कानांवर विचार चालू. आज सोंडेची उजळणी.

११ ऑगस्ट
पहिला परिच्छेद! विषय : माझा मित्र. जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं, 'माझा मित्र चांगला आहे. तो खूप चांगला आहे. म्हणून माझा मित्र चांगला आहे.' रचना निर्दोष. आशय नंतर भरू. चिमणीने मात्र मैत्रिणीशी झालेलं भांडण पानभर लिहिलं. वाक्यागणिक 'आणि मग'. लाल पेनने एकूणएक खोडले. ती म्हणाली, 'पण सर, तसंच झालं होतं.' मी शैलीबद्दल बोलत होतो, ती भांडणाबद्दल. सोडून दिलं.

१४ ऑगस्ट
चिमणी हल्ली वर्गात तोंड उघडत नाही. शिस्त लागतेय.

१९ ऑगस्ट
मुख्याध्यापिकांनी बोलावलं. मुलांच्या लेखनाशेजारी माझ्या पद्धतीवर एक परिच्छेद लावायचा आहे. पोस्टकार्डाएवढा. चुटकीसरशी होईल.

२० ऑगस्ट
प्रस्तावनेचीच सहा पानं झाली. बायकोने वाचली. म्हणाली, 'यात मुलं कुठे आहेत?' येतील, म्हटलं.

२१ ऑगस्ट
वर्गातच लिहायला बसलो. मुलांना सांगितलं, घरी काय चाललंय ते लिहा, वाटेल ते लिहा, फक्त मला हाक मारू नका. चिमणीने हळूच विचारलं, 'आणि मग' चालेल का? लिही बाई काहीही, म्हटलं. दोन तास टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता. माझी दोन वाक्यं झाली. दोन्ही खोडली.

२४ ऑगस्ट
मुख्याध्यापिकांनी भिंतीसाठी हत्तीवाले परिच्छेद बाजूला ठेवून शुक्रवारचे निवडले. मी तपासलेलेही नाहीत! म्हणाल्या, 'सर, शुक्रवारी जे केलंत, तेच रोज करत जा.' थोडक्यात, पद्धत पटली.

२९ ऑगस्ट, पालकदिन
चिमणीचा परिच्छेद असा : 'बाळ दवाखान्यातून घरी आलं. आई म्हणाली हळू बोल. मी हळू बोलले. आणि मग मी बोललेच नाही. कुणाला कळलं नाही.'

तिची आई बाळाला खांद्यावर घेऊन वाचत होती. मी जवळ जाऊन म्हटलं, आधाराची वाक्यं जरा कमी पडली आहेत. तिने ऐकलंच नाही. बाळ नवऱ्याच्या हातात दिलं, चिमणीसमोर खाली बसली आणि म्हणाली, 'आता बोल. मोठ्याने बोल.' चिमणी अशी काही सुटली की बाळ उठून रडायला लागलं. तिला कुणी गप्प केलं नाही. मीही नाही. मध्ये बोलायला फटच मिळाली नाही.

भिंतीवर माझं पोस्टकार्ड शेवटपर्यंत कोरंच राहिलं, खाली फक्त नाव. एका आजोबांनी विचारलं, 'हा मुलगा आज गैरहजर का?'

भाषा विभागाचा विषय काढला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, तिसरीच्या बाई सोमवारी रुजू होतायत, त्याच बघतील. बरंच झालं. त्यांना हत्ती समजावून द्यावा लागेल.

सगळे गेल्यावर लाल पेन काढून चिमणीच्या परिच्छेदासमोर उभा राहिलो. शिपाई म्हणाला, 'सर, लाइट घालवू का?' म्हटलं, थांबा, चूक सापडायची आहे. बिचारा बराच वेळ थांबला. मग घालवली.